काचेतील ओढा आणि पहिले अणुव्रत

"जैनाच्या घरात मासे?" हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत मला अनेकांनी विचारला आहे. कोणी हसत विचारतो, कोणी भुवया उंचावून, तर कोणी काही न बोलता दिवाणखान्यातील काचेच्या पेटीकडे आणि मग माझ्याकडे पाहतो. प्रश्न रास्त आहे. ज्या घरात सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही, पाणी गाळल्याशिवाय माठात पडत नाही आणि पर्युषणात हिरवी भाजी घरात येत नाही, त्या घरात मांसाहारी जलचर काय करीत आहे, असे साधर्मिकाने विचारले तर त्याला उत्तर मिळाले पाहिजे. उत्तर एका वाक्याचे नाही, म्हणून हा लेख.

पेटी माझ्या पुतण्याची. तो पुण्यात नोकरीला होता. कंपनीने परदेशी पाठविले. सामान विकले, गाडी विकली, पण पेटीतील सहा मासे कोणाला द्यावेत हे ठरेना. दुकानदार परत घ्यायला तयार होता. मात्र तेथून ते कोणाच्या वाडग्यात जातील आणि किती दिवस जगतील याची शाश्वती नव्हती. शेवटी ती पेटी श्रीगोंद्याला आली. बँकेत आम्ही ग्राहकांची मोहोरबंद पाकिटे सुरक्षित ठेव म्हणून स्वीकारीत असू. त्या व्यवहारात वस्तू बँकेची नसे, तिच्यापासून बँकेला मोठा नफाही नसे. पण जबाबदारी संपूर्ण असे. मी हे सहा जीव त्याच भावनेने स्वीकारले. पावती मात्र कोणी दिली नाही.

आमच्या बाई, म्हणजे माझ्या मातोश्री, आज शहाऐंशी वर्षांच्या आहेत. पेटी आत आली तेव्हा त्या सामायिकात होत्या. सामायिक पारून त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "बंध तुझ्या नावावर लागला बरं." त्या एका वाक्याने मला पुढील दोन वर्षांचा अभ्यास दिला.

प्रथम नावाविषयी. या माशांना जगभर ‘किलीफिश’ म्हणतात. नातवाने घरात इंग्रजी अर्थ फोडून सांगितला आणि बाई अधिकच अस्वस्थ झाल्या, नावातच हिंसा! वास्तविक या ‘किली’चा इंग्रजीतील मारण्याशी काही संबंध नाही. डच भाषेत ‘किल’ म्हणजे लहान ओहोळ किंवा पाण्याचा चर. ओहोळातला मासा तो किलीफिश. आपल्या भाषेत त्याला ‘ओढ्यातला मासा’ म्हटले तर अर्थ नेमका उतरतो. नाव समजल्यावर घरातील निम्मा विरोध मावळला. उरलेला निम्मा खरा होता.

किलीफिशच्या शेकडो जाती आफ्रिका, अमेरिका, युरोप आणि आशियात आढळतात. भारतातील जाती ‘पँचॅक्स’ या नावाने ओळखल्या जातात. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश वैद्याने गंगेतील माशांवर १८२२ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हे नाव प्रथम शास्त्रात आले. बंगालीत या माशाला ‘तेचोखा’, म्हणजे तीन डोळ्यांचा म्हणतात. कारण त्याच्या माथ्यावर एक रुपेरी ठिपका असतो आणि वरून पाहणाऱ्याला तो तिसऱ्या डोळ्यासारखा चमकताना दिसतो. मल्याळीत त्याचे नाव ‘मानत्तुकण्णी’, ज्याचा डोळा आभाळाकडे आहे तो. दोन्ही नावे निरीक्षणातून आलेली आहेत. हा मासा पाण्याच्या अगदी वरच्या थरात राहतो. डोके वरून चपटे, तोंड वर वळलेले. पाण्यावर पडलेला किडा टिपण्यासाठीच हा देह घडलेला आहे.

आमच्याकडील सहा मासे यातील सर्वांत लहान जातींपैकी, हिरवा पँचॅक्स. केरळ-गोव्याकडील किनारपट्टीच्या संथ, वनस्पतींनी भरलेल्या पाण्यात तो राहतो. लांबी फार तर दीड-दोन इंच. नराच्या अंगावर हिरवट-सोनेरी ठिपक्यांच्या ओळी असतात; मादी फिकट आणि तिच्या पाठीवरील पराच्या मुळाशी काळा डाग. दोन नर आणि चार माद्या अशी ही ठेव होती.

आता पेटीविषयी. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. म्हणजे दोन घनफूट, सुमारे ५६ लिटर. वरची दोन बोटे रिकामी सोडली आणि तळाची वाळू वजा केली, तर प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपास पाणी राहते. तळाशी धुतलेली नदीची वाळू, तिच्यावर हायड्रिला, जावा मॉस आणि वर तरंगणाऱ्या वनस्पतींचे दाट छत. पुतण्याने ती शोभेसाठी लावलेली नव्हती. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो आणि तो त्यांनाच विषारी असतो. वाळूत व पानांवर वसलेले सूक्ष्म जीवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट तुलनेने निरुपद्रवी आणि वनस्पतींना खतासारखे उपयोगी. ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ज्या घरी मुलाच्या हट्टापायी सकाळी पेटी आणि संध्याकाळी मासे आणले जातात, तेथे आठवड्यात मासे का मरतात याचे उत्तर बहुधा येथे असते. जमेची बाजू उभी राहण्यापूर्वीच खर्च सुरू झालेला असतो.

सहा लहान मासे आणि भरपूर वनस्पती असा हिशेब ठेवला तर पाण्यात हवा सोडणाऱ्या पंपाचीही फारशी गरज पडत नाही. श्रीगोंद्यात वीज केव्हा जाईल हे सांगता येत नसल्याने ही मोठीच सोय. उन्हाळ्यात मात्र पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा काचेचे झाकण काढून जाळीचे ठेवतो, पाण्याच्या पृष्ठभागावरून लहान पंख्याचा वारा सोडतो आणि बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश थंड राहते. माठ ज्या नियमाने थंड होतो, त्याच नियमाने. आपल्याकडील बोअरचे पाणी जड, भांड्यावर पांढरा थर धरणारे. म्हणून पावसाळ्यात गच्चीवरून साठविलेले पाणी त्यात मिसळतो. झाकण वा जाळी सदैव हवी. पँचॅक्स उडी मारणारा मासा आहे. बोटभर फट त्याला पुरते आणि सकाळी जमिनीवर कोरडा देह सापडतो.

दर रविवारी एक बादली, म्हणजे साधारण पाव हिस्सा पाणी बदलावे लागते. येथे आपले संस्कार कामी आले. विहिरीचे पाणी गाळल्यावर गळण्यात राहिलेले जीव पुन्हा त्याच विहिरीत अलगद सोडण्याची जिवाणीची रीत आपल्या आजी-पणजीने पाळली आहे. पेटीतून काढलेले पाणी मी पांढऱ्या परातीत घेतो, उजेडात निरखतो, त्यात अंडे अगर पिल्लू नाही याची खात्री करतो आणि मगच ते तुळशीला व लिंबाच्या झाडाला घालतो. पुतण्याला दूरध्वनीवर ही पद्धत सांगितली तेव्हा तो म्हणाला, "काका, जाणकार मंडळी हेच करतात, फक्त ते याला जिवाणी म्हणत नाहीत."

येथवर सर्व सुखाचे आहे. आता बाईंच्या वाक्याकडे येतो.

श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात रोज आठवतो: बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि भक्तपानविच्छेद. जीवाला बांधणे, मारझोड करणे, अवयव कापणे, शक्तीबाहेर ओझे लादणे आणि अन्नपाणी तोडणे. निवृत्तीनंतर हाती वेळ होता म्हणून मी १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा काढून वाचला. त्याचे कलम ११ वाचताना मी थबकलो. प्राण्याला मारहाण करणे, त्याच्यावर जादा ओझे लादणे, त्याचे अंगच्छेदन करणे, हालचालीस अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडणे, मालक असून पुरेसे अन्नपाणी व निवारा न देणे. आपले पाचही अतिचार तेथे कायद्याच्या भाषेत उभे आहेत. त्या कायद्यातील ‘प्राणी’ या शब्दाच्या व्याख्येत मनुष्याखेरीज प्रत्येक सजीव येतो. म्हणजे दीड इंचाचा मासाही येतो. संसदेने जे १९६० साली लिहिले, ते आपले श्रावक शतकानुशतके रोज संध्याकाळी म्हणत आले आहेत. म्हणणे आणि पाळणे यांतील अंतर मात्र ज्याने त्याने मोजावे.

मग बंध म्हणजे जीव पाळणेच वर्ज्य का? तसे नसावे. भगवान महावीरांच्या दहा प्रमुख श्रावकांपैकी आनंद श्रावकाकडे दहा-दहा हजार गायींची चार गोकुळे होती, असे उपासकदशांगात आहे. व्रत घेताना त्याने गायी सोडून दिल्या नाहीत. त्यांची मर्यादा बांधली. टीकाकारांनीही बंधाचे सापेक्ष आणि निरपेक्ष असे दोन भेद केले आहेत. आग लागली तर जनावराला सुटता यावे, मान वळविता यावी, अशा बेताने बांधणे सापेक्ष; त्याच्या जिवाची पर्वा न करता आवळणे निरपेक्ष. या कसोटीवर वाढदिवसाला भेट दिला जाणारा काचेचा गोल वाडगा आणि त्यात फिरणारा एकटा मासा निरपेक्ष बंधाच्या खात्यात जातो, याविषयी मला शंका नाही. दाट वनस्पतींत लपायला जागा असलेली पेटी त्या मानाने बरी. पण ‘बरी’ म्हणजे निर्दोष नव्हे. ओढ्याला चार भिंती नसतात.

बंधाहून अवघड प्रश्न पाचव्या अतिचाराचा निघाला. पँचॅक्स मांसाहारी आहे. निसर्गात तो डासांच्या अळ्या, पाण्यात पडलेले किडे, सूक्ष्म जलकीटक खातो. हौशी मंडळी त्याला जिवंत अळ्या देतात. आपण काय करावे? डास चौरिंद्रिय जीव. त्याची अळी पकडून माशापुढे टाकणे म्हणजे दुसऱ्याकरवी त्रसहिंसा करविणे. श्रावकाचे पहिले व्रत दोन करण आणि तीन योगांनी असते. करू नये आणि करवूही नये. बाजारातील कोरडे खाद्य आणावे, तर पाकिटावर घटकांच्या यादीत पहिले नाव बहुधा माशांच्या भुकटीचे. कर्जाच्या दस्तऐवजातील बारीक अक्षरे वाचण्यात माझे आयुष्य गेले. ही अक्षरे वाचताना मात्र हात थरथरला. आणि काहीच न द्यावे, तर भक्तपानविच्छेद. तीन दारे आणि तिन्हींवर दोष.

त्या वर्षी चातुर्मासासाठी विराजित साध्वीजींना मी स्थानकात हा प्रश्न विचारला. त्यांनी "द्या" असेही सांगितले नाही आणि "देऊ नका" असेही नाही. आरंभाच्या कामात साधूंनी आदेश द्यायचा नसतो, हे मला ठाऊक होते. त्यांनी फक्त पंधरा कर्मादाने पुन्हा समजावून सांगितली आणि शेवटच्या असतीजनपोषणापाशी थोडा वेळ थांबल्या. हिंसक प्राण्यांचे पोषण करून त्यावर उपजीविका करणे त्याच्या अर्थात येते. मग म्हणाल्या, "श्रावकजी, घेताना विचार करावा. घेतल्यावर अनुकंपा सोडू नये." एवढेच. मी निघालो तेव्हा मला निर्णय मिळालेला नव्हता, पण क्रम मिळाला होता.

त्या क्रमाने मी चाललो. सोया, गहू व स्पिरुलिना शेवाळ यांचे प्रमाण अधिक असलेले खाद्य शोधले. पूर्ण शाकाहारी खाद्यावर हा मासा चांगला राहत नाही, हे पुतण्याने स्पष्ट सांगितले होते, आणि मासा श्रावक नाही, त्याच्या देहाचे धर्म वेगळे आहेत, हेही खरे. निर्दोष पर्याय मिळाला नाही. कमी दोषाचा मिळाला. महारंभ टाळून अल्पारंभाकडे येणे हाच गृहस्थाचा मार्ग असल्याने तेवढ्यावर थांबलो. खाद्य दिवसातून एकदाच, चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल इतके. कारण उरलेले कुजून पाणी बिघडवते. तेही सूर्यास्तापूर्वी. रात्री पेटीवरील दिव्याकडे किडे झेपावतात आणि पाण्यात पडतात, म्हणून दिवा सायंकाळी बंद. असे आमच्या घरी माणसांबरोबर मासेही चोविहार करतात. बाईंना ही गोष्ट फार आवडली. त्या आता खाद्याची वेळ झाली की हाक मारतात, "अरे, तुझ्या पाहुण्यांचे पचक्खाण व्हायचे राहील!"

"एवढा त्रास कशाला? नदीत सोडून द्या, अभयदानाचे पुण्य लागेल," असे अनेकांनी सुचविले. जीव सोडविण्याची आपली परंपरा थोर आहे. मृगसेन धीवराची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. जाळ्यात आलेला पहिला मासा सोडण्याचा एवढासा नियम त्याने पाळला आणि तोच मासा पाच वेळा सोडला. पण त्याने तो मासा ज्या पाण्यातून काढला होता त्याच पाण्यात सोडला, हे आपण विसरतो. आपल्या तालुक्याच्या दक्षिणेकडून पेडगावच्या किल्ल्याजवळून वाहणारी भीमा पुढे उजनीच्या जलाशयात जाते. तेथे आज मुबलक मिळणारी चिलापी, म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेची. भारतात ती १९५२ साली आणली गेली आणि देशी माशांच्या जागा तिने व्यापल्या. काच साफ करणारा म्हणून घरोघरी विकला जाणारा सकर मासा लोकांनी कंटाळून पाण्यात सोडला आणि आता भारतातील अनेक जलाशयांत तो कोळ्यांची जाळी फाडतो. थाई मागूर या परदेशी माशाच्या संवर्धनावर तर २००० साली बंदी घालावी लागली. किनारपट्टीचे सहा पँचॅक्स भीमेत सोडणे म्हणजे बहुधा त्यांना मोठ्या माशांच्या तोंडी देणे. आणि ते जगलेच, तर दुसऱ्यांच्या घरात घुसखोर नेऊन बसविणे. ज्याला आपण अभयदान म्हणतो, ते घेणाऱ्याला अभय देते की नाही हे पाहिल्याशिवाय त्याला दान म्हणता येणार नाही. जीव सोडायचा असेल तर तो मुळात विकतच न घेणे हे सर्वांत शुद्ध अभयदान.

पँचॅक्सच्या आफ्रिकेतील नातलगांविषयी वाचताना मी थक्क झालो. झिंबाब्वे आणि मोझांबिकच्या कोरड्या प्रदेशात पावसाळ्यात डबकी भरतात आणि काही महिन्यांत आटतात. त्या डबक्यांत नोथोब्रँकियस नावाचे किलीफिश राहतात. पाणी आले की अंड्यातून बाहेर पडायचे, झपाट्याने वाढायचे, चिखलात अंडी घालायची आणि पाणी आटताच मरायचे. त्यांतील फर्झेरी ही जाती मोझांबिकच्या डबक्यांत अवघ्या दोन आठवड्यांत प्रौढ होते, असे निरीक्षण २०१८ साली प्रसिद्ध झाले. अंडी मात्र वाळलेल्या चिखलात, वाढ थोपवून, पुढील पावसाची महिनोन्महिने वाट पाहतात. आयुष्य इतके अल्प असल्याने वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी हा मासा निवडला आणि २०१५ साली त्याच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन झाले. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आपल्या पिढीला आटलेल्या तळ्याचा भेगाळलेला तळ चांगला आठवतो. तो तळ मेलेला असतो असेच आपण समजत आलो. कर्मादानांमध्ये सरोवर-तलाव आटविण्याला स्थान का आहे, हे मला त्या आफ्रिकेतील अंड्यांनी नव्याने समजावले. दिसत नाहीत म्हणून जीव नाहीत, असे नसते.

आमचे पँचॅक्स त्या मानाने दीर्घायुषी. दोन-तीन वर्षे जगणारे. मादी मॉसच्या धाग्यांवर रोज एक-दोन अंडी चिकटविते. सुमारे दोन आठवड्यांत त्यांतून डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्ले निघतात आणि मोठे मासे, त्यांत आईबापही, ती सापडतील तशी गिळतात. हौशी माणूस अंडी वेगळी काढतो, पिल्ले वाढवितो, वाटतो. माझ्यापुढे प्रश्न वेगळा होता. पिल्ले वाढविली तर बंध वाढतो, त्यांच्या आहाराचा आरंभ वाढतो. न वाढवावीत तर डोळ्यांदेखत ती खाल्ली जातात. मी पेटीच्या मध्यभागी काचेचा पडदा बसविला. एका बाजूला नर, दुसऱ्या बाजूला माद्या. आधीच घातलेल्या अंड्यांतून निघालेली अकरा पिल्ले काचेच्या बरणीत वाढविली. त्यांतील सात जगली. ती तालुक्यातील एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने, विच्छेदनासाठी न वापरण्याच्या लेखी हमीवर, आपल्या मोठ्या हौदात ठेवून घेतली. लेखी हमी घेतल्याशिवाय व्यवहार न करण्याची सवय अद्याप सुटलेली नाही. पडद्यावर घरात विनोद झालेच. "काकांनी माशांनाही चौथे व्रत दिले," असे पुतण्या म्हणाला. असो.

या माशांमुळे आणखी एका गोष्टीकडे लक्ष गेले. पावसाळ्यात आरोग्य खात्याचे कर्मचारी घरोघरी येतात, हौदात गप्पी मासे सोडण्याचा आग्रह करतात. आपली कित्येक कुटुंबे त्यांना नकार देतात, कारण मासे अळ्या खाणार. आणि मग त्याच घरात रात्री डास मारण्याची उदबत्ती जळते, दुकानाच्या मागे फवारणी होते. गप्पी दक्षिण अमेरिकेचा. डासांसाठीच १९२८ साली इटलीहून आणलेला गँबुशियाही परका. ते आपल्या पाण्यात नकोत हे म्हणणे योग्य आहे. पण डेंग्यूने आजारी पडलेले मूल हाही जीवच आहे. या कोंडीतून बाहेर पडण्याचा मार्ग आपल्याच तत्त्वज्ञानात आहे. त्याचे नाव संवर. आस्रव आत आल्यावर झगडण्यापेक्षा तो येण्याची वाट बंद करणे. डेंग्यू पसरविणारा डास घरात साठविलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. पाण्याच्या टाक्या आणि पिंप घट्ट झाकले, टाकीच्या वायुनळीला कापड बांधले, कूलरमध्ये, कुंड्यांच्या ताटल्यांत आणि दुकानामागच्या जुन्या टायरांत पाणी साचूच दिले नाही, तर अळी जन्मालाच येत नाही. मासा नको, औषध नको, हिंसा नको. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, असे सरकार सांगते. आपण त्याला नियम म्हणून पचक्खाण घ्यावे, एवढीच माझी साधर्मिकांना विनंती. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावांत साठवण अटळ आहे. झाकण मात्र आपल्या हाती आहे.

लहान माशाविषयी बोलताना तंदुल मत्स्याची आठवण होणे अपरिहार्य. तांदळाच्या दाण्याएवढा तो जीव महामत्स्याच्या आश्रयाला राहतो. त्याच्या उघड्या तोंडातून सुटणारे मासे पाहून मनात म्हणतो, मी असतो तर एकही सोडला नसता. तो कोणालाही मारीत नाही, तरी केवळ त्या भावाने सातव्या नरकाचा धनी होतो. आमचे पँचॅक्स किडा गिळतात तेव्हा त्यांच्या मनात काय असते ते केवळी जाणे. पण ही कथा माशाची नसून पेटीबाहेर बसलेल्या माणसाची आहे, असे मला वाटू लागले आहे. हिंसा तराजूत घालताना आपण समोरच्या जीवाचे वजन करतो. भावाचे वजन आपले आपल्यालाच करावे लागते.

ज्यांच्या घरी नातवंडे मासे मागतात त्यांना मी ‘घ्या’ म्हणणार नाही. हट्ट असेल तर मुलांना आधी पाच प्रश्न विचारावेत: याला फिरायला जागा किती? याचे खाणे कोणाच्या जिवावर? आपण गावाला गेलो तर याला पाहणार कोण? याची प्रजा वाढली तर ती जाणार कोठे? आणि कंटाळा आला तर? पाचव्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक मुले खाली मान घालून देतात. त्यांना एखाद्या श्रावणात ओढ्याकाठी न्यावे, पुलावर उभे करून वाहत्या पाण्यातील मासे दाखवावेत. तेथे बंध नाही, खर्च नाही, आणि दिसते ते पेटीत दिसते त्याहून पुष्कळ अधिक.

सहापैकी आज चार मासे आहेत. दोघे आपले आयुष्य पूर्ण करून गेले. दोन्ही वेळा बाईंनी नवकार म्हटला. उरलेल्यांचे वयही झाले आहे. रंग थोडे उतरले आहेत, पण खाद्याच्या वेळी चारही तोंडे वर येतात. नवे मासे आणायचे नाहीत, असा नियम मी घेतला आहे. शेवटचा गेल्यावर पेटीत फक्त वनस्पती राहतील.